लो-कार्ब ब्रेकफास्ट बरिटो: जवसाची पोळी, कोरडं सारण आणि भाजलेली मिरची

बरिटो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेला, भात-राजम्याने फुगलेला, दोन हातांनी धरावा लागणारा लठ्ठ रोल येतो. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला, १९६०च्या दशकात पुढे आलेला प्रकार. त्याला डोळ्यांपुढे ठेवून लो-कार्ब बरिटो करायला गेलात, तर पोळी फाटते, सारण गळतं आणि शेवटी सगळं काट्याने गोळा करून खावं लागतं. त्याच्या आधीचा, उत्तर मेक्सिकोतला बरिटो मात्र बारीक असतो. आत एखादंच दाटसर, चांगलं आटवलेलं कालवण. कमी कर्बोदकांच्या नाश्त्यासाठी नमुना घ्यायचा तर तो घ्यावा. पुढची सगळी मापं त्याच हिशेबाने दिली आहेत.

हा पदार्थ कुठला

मेक्सिकोच्या मध्य आणि दक्षिण भागात टॉर्टिया, म्हणजे तिथली पातळ पोळी, मक्याचा. उत्तरेकडे सोनोरा आणि चिवावा या कोरड्या प्रांतांत मात्र स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू रुजला. सोनोराकडच्या मिशनऱ्यांमध्ये १६८७ साली तिथे पोचलेल्या एउसेबियो कीनो या जेझुइट पाद्र्याचं नाव गव्हाच्या प्रसाराशी हमखास जोडलं जातं. मक्याच्या टॉर्टियाची घट्ट गुंडाळी करायला गेलं की तो चिरतो. गव्हाचा ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे, ताणला जातो, पातळ लाटता येतो, सारणाभोवती बसतो. सोनोरात तर हातभर रुंद, पलीकडचं दिसेल इतके पातळ टॉर्टिया करतात. म्हणजे बरिटोची सगळी करामत ग्लुटेनवर उभी आहे. लो-कार्ब आवृत्तीत आपण नेमकं तेच काढून घेतो, म्हणून त्याची जागा भरून काढणारं काहीतरी आधी शोधावं लागतं.

सोनोराच्या गव्हाचं आपल्याशीही नातं आहे. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी तिथल्या याकी खोऱ्यात काम करून बुटक्या गव्हाचे वाण तयार केले. त्यांपैकी सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो ६४ हे भारतात आले. १९६६ साली एकदम १८,००० टन बियाणं मागवलं गेलं. सोनोरा ६४ वरूनच डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत 'शरबती सोनोरा' हा वाण काढला.

बरिटोच्या जन्माची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, १९१० नंतर, सिउदाद हुआरेझमध्ये हुआन मेंडेझ नावाचा माणूस गाढवावरून जेवण विकायचा, ते गरम राहावं म्हणून टॉर्टियात गुंडाळायचा, वगैरे. पण १८९५ साली छापलेल्या मेक्सिकन शब्दांच्या कोशातच बरिटोची नोंद आहे: आत मांस किंवा दुसरं काही भरून गुंडाळलेला टॉर्टिया. त्यामुळे ही कथा ऐकावी आणि सोडून द्यावी.

सकाळचा बरिटो हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचं देणं. टॉर्टियात अंडं घालून खाणं घरोघरी जुनंच होतं, पण 'ब्रेकफास्ट बरिटो' हे नाव मेन्यूकार्डावर आणण्याचं श्रेय सँटा फे इथलं 'तिया सोफियाज' हे उपाहारगृह स्वतःकडे घेतं, साल १९७५. न्यू मेक्सिकोत तो दोन तऱ्हांनी खातात. एक हातात धरून. अल्बुकर्कीत १९७२ साली सुरू झालेला गरम हवेच्या फुग्यांचा मोठा उत्सव हल्ली ऑक्टोबरात भरतो, तिथे पहाटेच्या थंडीत लोक फॉइलमधला बरिटो खात फुगे उडताना बघतात. दुसरी तऱ्हा ताटातली: रोल ताटात ठेवायचा, वरून मिरचीचा सॉस आणि चीज घालायचं आणि सुरी-काट्याने खायचा. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न असतो, 'लाल की हिरवी?' दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं.

ही ताटातली तऱ्हा ध्यानात ठेवा. पोळी नाजूक झाली तर ती कामाला येते, आणि ती काही पळवाट नाही. सँटा फेमध्ये खुद्द तशीच वाढतात.

कर्बोदकं नेमकी कुठे असतात

गव्हाच्या २५ सेंटिमीटरच्या एका टॉर्टियात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. ७५ ग्रॅम बटाट्याचे १३, ५० ग्रॅम शिजलेल्या राजम्याचे ११-१२. बेरीज साठाच्या आसपास. अंडी, चीज आणि मांस यांचा वाटा नगण्य. एका अंड्यात अर्धा ग्रॅमही नसतो. तेव्हा बदल करायचा तो पोळी आणि बटाटा या दोनच जागी. राजमा वगळायचा.

आपल्याकडे 'गव्हाची नको ना, मग ज्वारीची भाकरी चालेल' किंवा 'बेसनाचं धिरडं करू' असं सहज म्हटलं जातं. दोन्ही पदार्थ उत्तम आहेत, पण लो-कार्ब नाहीत. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, ३० ग्रॅम बेसनात १७. मुगाच्या धिरड्याचंही तसंच. बेसनात प्रथिनं आणि तंतू जास्त हा फायदा खरा, पण दिवसाची मर्यादा ३०-४० ग्रॅमची ठरवली असेल तर निम्मी सकाळीच संपते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना दुकानात तयार लो-कार्ब टॉर्टिया मिळतात. चवीला आणि गुंडाळायला ते सगळ्यांत सोयीचे, कारण ते गव्हाच्या ग्लुटेनचे आणि न पचणाऱ्या स्टार्चचेच बनवतात. पाकिटावर ठळक छापलेला 'नेट कार्ब'चा आकडा म्हणजे एकूण कर्बोदकांतून तंतू वजा केलेले. ही कंपन्यांची पद्धत आहे, अमेरिकी अन्नखात्याच्या नियमांत त्याची व्याख्या नाही. मागची बाजू उलटून एकूण आकडा बघा, आणि मधुमेह असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पडताळा. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी हे टॉर्टिया अजिबात नाहीत.

जवसाची पोळी

घरी करायची तर माझी पहिली पसंती जवसाला. जवसाच्या कर्बोदकांत जवळजवळ सगळे तंतूच असतात, आणि गरम पाण्यात पडला की त्याला असा चिकटपणा येतो की लाटता येतं. कृती तांदळाच्या उकडीसारखी, त्यामुळे मराठी हाताला ती नवी नाही.

चार पोळ्यांसाठी १६० ग्रॅम जवस, १९० मिलिलिटर पाणी आणि पाव चमचा मीठ. जवस न भाजता घ्या. मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होतो. मग चाळा, चाळणीवर उरेल ते पुन्हा फिरवा. पूड जितकी बारीक तितकी पोळी कमी फाटते.

पाणी आणि मीठ खळखळून उकळू द्या. गॅस बंद करून सगळी पूड एकदम घाला आणि लाकडी कालथ्याने जोरात ढवळा. पहिलं अर्धं मिनिट नुसता चिखल दिसेल. ढवळत राहा, मग तो भांड्याच्या कडा सोडून एका गोळ्यात येतो. झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या. हाताला सोसेल इतपत कोमट झाला की ओल्या हाताने दोन मिनिटं मळा. गोळा कोरडा वाटून चिरा पडत असतील तर चमचाभर गरम पाणी, बोटांना चिकटत असेल तर चमचाभर पूड.

चार भाग करा. एकेक भाग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून २० सेंटिमीटरपर्यंत लाटा. कडा वेड्यावाकड्या येतात, तेव्हा पातेल्याचं झाकण ठेवून गोल कापून घ्या, उरलेलं पुढच्या गोळ्यात मिसळा. वरचा कागद काढा, पोळी कागदासकट मध्यम आचेच्या तव्यावर उलटी टाका, काही सेकंदांत दुसरा कागद आपोआप सुटतो. एका बाजूने मिनिट-सव्वा मिनिट, दुसऱ्या बाजूने एक. फुलकी काढतो तसे डाग यायची वाट पाहू नका. जास्त भाजली की ती ताठ होते आणि गुंडाळताना मधोमध तुटते. उतरवल्यावर लगेच स्वच्छ फडक्यात, एकावर एक, झाकणाच्या डब्यात ठेवा. दहा मिनिटांत आपल्याच वाफेने मऊ होतात.

अशा एका पोळीत साडेअकरा ग्रॅम कर्बोदकं, पण त्यातले जवळपास अकरा तंतू. तंतूंची सवय नसेल तर सुरुवातीला एकच खा आणि दिवसभर पाणी नीट प्या, नाहीतर पोट गच्च होतं.

अंड्याची पोळी

घाई असेल तेव्हा ही. एका पोळीला दोन अंडी, चमचाभर पाणी, चिमूटभर मीठ आणि अर्धा चहाचा चमचा इसबगोल, मिक्सरमधून बारीक केलेला. तसाच भुरभुरवला तर गुठळ्या होतात. फेटून पाच मिनिटं ठेवा, म्हणजे इसबगोल पाणी धरतो आणि नुसत्या ऑम्लेटपेक्षा पोळी चिवट होते. २४-२६ सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्याला तेलाचं बोट फिरवून मिश्रण ओता, गोल फिरवून पसरा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं. तपकिरी होऊ देऊ नका. ताटात सरकवा आणि निवल्याशिवाय सारण भरू नका.

अंड्याच्या पोळीत पुन्हा अंड्याचंच सारण भरलं तर चार घासांत कंटाळा येतो. तिच्यात पनीर, खिमा किंवा चोरिस (गोव्याचं सॉसेज) भरा. अंड्याची भुर्जी जवसाच्या पोळीत.

मिरची

न्यू मेक्सिकोत बरिटोचा जीव मिरचीत असतो, आणि लो-कार्ब करताना तिच्यावर कसलीच बंधनं येत नाहीत. म्हणून इथे हात आखडू नका. तिथली हॅच खोऱ्यातली हिरवी मिरची लांब, मांसल आणि मध्यम तिखट असते. आपल्या बाजारात तिच्या जवळची म्हणजे भावनगरी. सहा भावनगरी मिरच्या थेट गॅसच्या ज्योतीवर ठेवा आणि चिमट्याने फिरवत राहा, साल सगळीकडून काळी पडून फुगेपर्यंत. अर्धवट भाजलेल्या जागी साल सुटत नाही आणि मग ती दातांत येते. गरम असतानाच पातेल्यात घालून झाकण ठेवा. दहा मिनिटांनी साल बोटांनी ओढली की निघते. नळाखाली धुऊ नका, भाजल्याचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. बिया काढा, जाडसर चिरा, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि मीठ मिसळा. तिखट हवं असेल तर यांच्यासोबत दोन लवंगी मिरच्याही भाजून घ्या.

लाल हवी असेल तर ब्याडगी. आठ मिरच्यांचे देठ आणि बिया काढून तव्यावर पाच-सात सेकंद फिरवा, वास सुटला की उतरवा. जळली की सॉस कडू. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून दोन लसूण पाकळ्या, पाव चमचा जिरं आणि मिठासोबत वाटा, गाळा आणि चमचाभर तेलात पाच मिनिटं आटवा. न्यू मेक्सिकोत पुष्कळ घरी तो मैद्याने दाट करतात. आपण मैदा टाळून दोन-तीन मिनिटं जास्त आटवायचा.

बटाट्याच्या जागी

नाश्त्याच्या बरिटोत बटाटा हवाच असतो. त्याची कुरकुरीत कड आणि आतला मऊपणा नसेल तर सारण लिबलिबीत लागतं. फ्लॉवर ही जागा बरीच भरून काढतो, फक्त त्याला बटाट्यासारखंच वागवावं लागतं. २०० ग्रॅम फ्लॉवरचे एक सेंटिमीटरचे तुकडे करा, देठही घ्या. धुतला असेल तर फडक्यावर पूर्ण कोरडा करा. लोखंडी कढई किंवा तवा चांगला तापवून दीड चमचा तेल घाला, तुकडे एका थरात पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालून तपकिरी झाले की एकदा परता, आणखी तीन मिनिटं. झाकण ठेवायचं नाही. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी तो शिजतो. १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये कर्बोदकं पाच ग्रॅम, बटाट्यात सतरा.

सारण

चार बरिटोंना सहा अंडी, वरचा फ्लॉवर, ७० ग्रॅम किसलेलं चीज आणि भाजलेली मिरची. चेडर मिळालं तर उत्तम, नाहीतर अमूलचे क्यूबही चालतात, ते छान वितळतात.

आपली नेहमीची भुर्जी कांदा-टोमॅटोची असते. इथे टोमॅटो नको. कर्बोदकांसाठी नव्हे, पाण्यासाठी. कांदा हवा असेल तर अर्धाच, बारीक चिरून आधी लालसर परतलेला. अंडी मिठासोबत फेटा, चमचाभर लोण्यावर मंद आचेवर घाला, कालथ्याने कडेकडून मध्ये ओढत राहा. मोठे, मऊ गोळे झाले आणि तळाला द्रव उरला नाही की लगेच ताटात काढा. तव्यातच ठेवलंत तर ती पाणी सोडतात, आणि ते पाणी पुढे पोळी भिजवतं. फ्लॉवर, अंडी, मिरची तिन्ही वेगवेगळी पसरून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. या दोन मिनिटांची घाई केली तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

गोव्याचा चोरिस मिळत असेल तर तो जरूर घाला. मेक्सिकोत चोरिझो आणि अंडी ही नाश्त्याची ठरलेली जोडी आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच: स्पॅनिशांनी मेक्सिकोत आणि पोर्तुगीजांनी गोव्यात नेलेलं इबेरियातलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. दोन्ही ठिकाणी त्यात मिरची आणि व्हिनेगर आलं. मिरची मुळात मेक्सिकोकडचीच, गोव्यात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून पोचली. १२० ग्रॅम चोरिस आवरणातून काढून दोन चमचे पाण्यासोबत कढईत ठेवा. पाणी आटून चरबी सुटली की त्याच चरबीत फ्लॉवर परता. चोरिस खारट असतो, मग अंड्यात मीठ घालू नका.

शाकाहारी असाल तर २५० ग्रॅम पनीर कुस्करून जिरं, ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीच्या सॉसवर कोरडं होईपर्यंत परता. जवसाच्या पोळीत अंडं नसतं, तेव्हा ती चालते.

भरणं आणि गुंडाळणं

२० सेंटिमीटरच्या पोळीत १२० ग्रॅम सारण मावतं. एकदा काट्यावर तोलून बघा, डोळ्यांना ते कमी वाटेल. पोळी तव्यावर पंधरा सेकंद गरम करा. चीज सगळ्यांत आधी, थेट पोळीवर. वितळलं की ते ओल आत शिरू देत नाही. मग फ्लॉवर, मग अंडी, मिरची सर्वांत वर. सारण पोळीच्या खालच्या तिसऱ्या भागात, लांबट ओळीत. या आकारात दोन्ही टोकं आत दुमडायला जागा उरत नाही, म्हणून एकच टोक दुमडा, खालची कड सारणावरून घेऊन बोटांनी आत दाबा आणि घट्ट गुंडाळत न्या. वरचं तोंड उघडंच राहतं. शिवणीची बाजू खाली करून गरम तव्यावर मिनिटभर ठेवा, चीज वितळून ती चिकटते. मग फॉइल किंवा बटर पेपर गुंडाळून उघड्या टोकाकडून खायला सुरुवात करा.

गुंडाळताना पोळी तुटलीच तर ताटात ठेवा, वर लाल सॉस आणि थोडं चीज घाला, झाकून मिनिटभर वाफ द्या. सँटा फेचा बरिटो तयार.

अंड्या-फ्लॉवरच्या एका बरिटोत एकूण १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात, त्यांतले १२ तंतू. उरलेले चार-पाच.

औषधं चालू असतील तर

इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना नाश्त्यातली कर्बोदकं एकदम साठवरून पाचवर आणली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या औषधांसोबत खूप कमी कर्बोदकं घेतल्यास कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तोही साखर फार वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा, मग आहार बदला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाणही विचारून घ्या. इसबगोल आणि जवस गोळ्यांचं शोषण लांबवू शकतात, तेव्हा नाश्ता आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं हेही तेव्हाच विचारा.

आधी करून ठेवायचं असेल तर

जवसाच्या नुसत्या पोळ्या मध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. भरलेले बरिटो ठेवायचे तर सारण पूर्ण गार करूनच भरा, मिरची त्यात घालू नका, प्रत्येक बरिटो वेगळा फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीझरमधला आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये आणून ठेवा. सकाळी फॉइल काढून मंद तव्यावर झाकणाखाली चार-पाच मिनिटं, मध्ये एकदा उलटून, आणि शेवटचं मिनिट झाकण काढून, म्हणजे जमलेली वाफ उडून जाते. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर फॉइल आधी काढा आणि ओलसर टिश्यू पेपर गुंडाळा. मिरची वेगळी गरम करून वाढताना घाला.